डावीकडे तळे आहे

निसर्गापुढे सगळी माणसे समान आहेत. हे वाक्य राष्ट्रीय उद्यानाच्या पर्यटक केंद्रावर काळ्या दगडात कोरलेले आहे, आणि ते नीट वाचता यावे म्हणून वर जायला पायऱ्या केल्या आहेत.

आवाजबाईंनी ते वाक्य कधी वाचले नव्हते. बोलल्या मात्र होत्या. उद्यानात तिकिटाबरोबर कानाला लावायचे, पण शेजारच्यालाही ऐकू जाणारे एक यंत्र मिळते. त्याचे बटण दाबले की एक शांत, किंचित खालच्या पट्टीतला बायकी आवाज आपल्याला हाताला धरून सगळे उद्यान दाखवतो. झाड कुठले, खडक किती जुना, कुठे थांबायचे, कुठे वाकून पाहायचे नाही. तो आवाज बाईंचा. बाईंचे पाय लहानपणी एका तापाने नेले. जाताना त्याने गळ्याला हात लावला नाही, हे त्यांच्या घरात बरीच वर्षे तापाच्या बाजूचे म्हणून सांगितले जाई.

आवाजाने नाव काढले. शहरातल्या उंच इमारतींच्या लिफ्टमध्ये ‘दरवाजा बंद होत आहे’ हे त्याच म्हणत. मोठ्या दवाखान्यात ‘पुढील रुग्णाने आत यावे’ असे त्याच बोलावत. थोडक्यात, त्यांची चाकांची खुर्ची जिथे पोचत नसे तिथे बाई आधीच पोचलेल्या असत आणि लोकांना सूचना देत असत. लोकही निमूटपणे ऐकत. घरात त्यांचे ऐकायला कोणी नव्हते. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, त्यात एका कपाटाची दारे काढून आतून गाद्या ठोकलेला रेकॉर्डिंगचा कोपरा, आणि एक खिडकी. खिडकीसमोर शेजाऱ्यांची गाडी उभी असे. गाडी बाहेर गेली की पलीकडच्या भिंतीचा देखावा दिसे.

कधीकधी संध्याकाळी बाई बँकेला फोन लावत. काम असे असे नाही. पलीकडून त्यांचाच आवाज म्हणे, ‘आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.’ बाई जरा वेळ ऐकत आणि ठेवून देत.

उद्यानाचे काम आले तेव्हा प्रसिद्धी अधिकारी स्वतः घरी आले होते. त्यांना सगळे प्रसिद्धीसाहेब म्हणत, आणि त्यांचा त्याला आक्षेप नव्हता. त्यांनी टाइप केलेला मजकूर आणला होता आणि दरीचे मोठे मोठे फोटो आणले होते.

“बाई, तुम्ही बोलायचं असं की ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, ही बाई रोज इथे उभी असते.”

“उभी?” बाई म्हणाल्या.

“म्हणजे... असते,” साहेब म्हणाले.

बाईंनी फोटो मांडीवर पसरले. समोर दरी, मधोमध तीन सुळके, डावीकडे तळे, कोपऱ्यात एक वनरक्षक ऐटीत उभा. तो तसा उभा राहिला नसता तरी चालले असते, पण खात्याचा फोटो म्हटल्यावर खात्याचा माणूस आलाच. बाईंनी विचारले, “साहेब, यांच्या शर्टाचा खिसा उजवीकडे कसा?”

“गणवेश खात्याकडून शिवून येतो बाई. खिसा आला हेच नशीब.”

मग बाई कपाटाशी बसल्या आणि बोलू लागल्या. ‘आता आपण दरीच्या कड्यावर आहोत. समोर पाहा. डावीकडे तळे आहे.’ इथपर्यंत आल्या आणि त्यांना ठसका लागणार असे वाटले. मजकूर तोडला तर सगळे पहिल्यापासून करावे लागले असते. म्हणून त्यांनी शांतपणे म्हटले, ‘आता क्षणभर कुणी काही बोलू नका,’ आवाज न करता दोन घोट पाणी प्यायल्या, आणि पुढे सुळक्यांवर गेल्या.

प्रसिद्धीसाहेब गहिवरले. “बाई, काय जागा घेतलीत!”

उद्यानातली ती जागा पुढे प्रसिद्ध झाली. साहेब अधूनमधून फोन करून सांगत, “गोंगाट करत येतात हो लोक, पोरं रडतायत, नवरा-बायको भांडतायत, आणि तुमचं वाक्य आलं की चिडीचूप. काहींच्या डोळ्यांत पाणी येतं.” बाई हो का म्हणत. त्यांच्या ठसक्याने लोकांच्या डोळ्यांत पाणी येते याचे त्यांना नवल वाटे. मग हळूहळू त्या नवलाची जागा दुसऱ्याच गोष्टीने घेतली. ती शांतता आपण सगळ्यांना वाटली आणि आपल्याला तेवढी मिळाली नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. एकदा त्या कड्यावर जायचे, समोर दरी ठेवायची, आणि गप्प बसायचे. एवढेच. माणसे याहून मोठ्या इच्छा ठेवून याहून लवकर विसरतात. बाईंच्या घरात इच्छा विसरायला दुसरे काही घडत नसे.

साहेबांनी पूर्वी एकदा सुचवले होते, “चार माणसं लावतो ना. खुर्चीसकट वर.”

“नको. मला दरी बघायचीय, माझी वरात काढायची नाहीये.”

हे त्या अनुभवाने बोलत होत्या. एका सत्काराला त्यांना असेच व्यासपीठावर चढवले होते. टाळ्या पडल्या त्या उचलणाऱ्यांना. भाषण त्यांनी केले, पण दुसऱ्या दिवशी ओळखीचे लोक विचारत होते की मध्येच खुर्ची तिरकी झाली तेव्हा भीती नाही का वाटली.

तर बाईंनी सांगून टाकले होते की आपल्या चाकांनी जाऊ तेव्हाच जाऊ. यात उद्यानाला घाई करण्यासारखे काही वाटले नाही.

आणि एके दिवशी फोन आला. “बाई, झाला!”

“काय झालं साहेब?”

“उतार! थेट कड्यापर्यंत. वर सज्जा. खास खुर्चीवाल्यांसाठी. आता कधी येताय बोला. पहिला मान तुमचा.”

बाईंनी फोन ठेवला आणि पुन्हा उचलून धाकट्या भावाला लावला. भाऊ गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत असे आणि बहिणीवर त्याचा फार जीव होता. तो जीव तो बहुधा फोनवरून लावत असे.

“रविवारी नेशील का मला उद्यानात?”

“नेतो की. पण ताई, तिथे आहे काय? दरीच ना? म्हणजे खड्डाच. मोठा, जुना खड्डा.”

“तुझ्या अंगणात बोअरचा खड्डा खणला तेव्हा तू दिवसभर तिथेच खुर्ची टाकून बसला होतास.”

“त्यात पाणी लागणार होतं.”

“यातही पाणी आहे. डावीकडे तळं आहे.”

“तू सांगतेस म्हणजे असेल,” भाऊ म्हणाला. तो बहिणीचे सगळे खरे मानत असे. त्यात त्याचा वेळ वाचे.

रविवारी बाईंनी निळी साडी नेसली आणि खुर्चीच्या चाकांना तेल घातले. भावजयीने डबा दिला होता आणि निरोप दिला होता की ताईंना कडेला फार नेऊ नका. उद्यानाच्या आवारात खुर्चीवाल्यांच्या गाडीसाठी राखीव जागा होती. निळ्या रंगाने खुर्चीचे चित्र काढले होते. त्या चित्रावर खात्याची जीप उभी होती. खुर्चीवाल्यांच्या सोयींची पाहणी करायला वरिष्ठ आले होते. भावाने गाडी लांब झाडाखाली लावली आणि म्हणाला, “बघ, तुझ्यामुळे केवढी माणसं आलीत.”

उताराच्या तोंडाशी साखळी होती आणि साखळीला कुलूप. शेजारी स्टुलावर पहारेकरी बसला होता.

“उघडता का जरा?” भाऊ म्हणाला.

“बंद आहे.”

“ते दिसतंय. का बंद आहे?”

“अपंगांसाठी आहे ना तो.”

“अहो मग ही माझी बहीण आहे की. खुर्चीत आहे.”

“म्हणूनच सांगतोय. अपंगांसाठी आहे म्हणून बंद ठेवलाय. उघडा ठेवला तर कुणीही जाईल. मोटारसायकली चढवतात हो लोक.” पहारेकऱ्याने बाईंकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. “कोणी अपंग आला की उघडतो.”

“मी आलेय,” बाई म्हणाल्या.

तो चमकला. तो रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत हा आवाज ऐकत होता. त्याने आधी आजूबाजूला यंत्र कोणाचे वाजते आहे ते पाहिले, मग गुपचूप किल्ली काढली.

उतार चांगला होता. नावे ठेवायच्या तयारीने आलेल्या माणसाची पंचाईत व्हावी इतका चांगला. चढ अलगद, वळणे रुंद, दम खायला मध्ये मध्ये सपाट जागा, खाली पकड घेणारा खरखरीत थर. ज्याने तो आखला त्याने खुर्ची ढकलून पाहिली असावी, असा संशय यावा. भाऊ मागून दांडे धरायला गेला.

“सोड. हात लावू नकोस.”

“अगं, पण चढ आहे.”

“चढ माझा आहे.”

तेवढ्यात भावाचा फोन वाजला. कोणाच्या तरी पाण्याच्या मोटरचा प्रश्न होता. तो ‘तू हो पुढे’ अशी खूण करून मागे थांबला. बाई एकट्याच पुढे निघाल्या. हात, चाक, हात, चाक. झाडांच्या सावल्या मांडीवरून सरकत होत्या. वळणे आपल्याला हवी तेव्हा येत होती आणि कुणी मागून ‘बरं वाटतंय ना?’ विचारत नव्हते. एका सपाट जागेवर त्या उगीचच थांबल्या. दम लागला नव्हता. थांबणे आपल्या हातात आहे एवढे पाहायला थांबल्या. तोंडाने गुणगुणतही असाव्यात, पण ते त्यांनी पुढे कधी कबूल केले नाही.

शेवटचे वळण संपले. सज्जा आला. त्या थेट कठड्यापर्यंत गेल्या, पाय ठेवायची पट्टी कठड्याच्या पायाला टेकली, आणि त्यांनी मान वर केली.

समोर फळी होती.

कठडा भक्कम होता. खालून बसलेल्या माणसाच्या छातीपर्यंत एक सलग फळी, मग बोटभर फट, मग वर दुसरी रुंद फळी. उभ्या माणसाने तिच्यावर कोपरे टेकून आरामात दरी पाहावी अशी. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर ती बरोबर मध्यभागी येत होती. तिच्यावर पितळी पाटीही होती. ‘हा सज्जा खुर्चीवरील पर्यटकांसाठी आहे.’ पाटी मात्र बसून अगदी नीट वाचता येत होती.

बाईंनी मान ताणली. आकाश दिसले. मान वाकवली. फटीतून हिरव्या रंगाची एक बारीक रेघ दिसली. पट्टीमुळे खुर्ची आणखी पुढे जात नव्हती आणि रेघ रुंद होत नव्हती. त्यांनी ब्रेक लावला. मग काढला. मग पुन्हा लावला.

पायऱ्यांच्या बाजूने एक कुटुंब आले. सगळे धापा टाकत कठड्याशी येऊन उभे राहिले, कानाला यंत्रे लावून. यंत्रांची बटणे मागेपुढे दाबल्यामुळे बाईंचा आवाज चारी बाजूंनी, एकमेकांच्या पाठीवर पाय देत यायला लागला. समोर पाहा. समोर पाहा. डावीकडे तळे आहे.

“कुठाय तळं?” एक आत्याबाई म्हणाल्या.

“अगं ते काय, चकाकतंय ना तिकडे.”

“ते? ते पत्र्यासारखं दिसतंय.”

“पाणीच आहे ते, ऊन पडलंय म्हणून. त्या सांगतायत ना! काढ, फोटो काढ.”

‘आता क्षणभर कुणी काही बोलू नका.’

आणि खरोखरच सगळे गप्प झाले. साहेब खोटे सांगत नव्हते. पोर रडायचे थांबले. फक्त कुणाच्या तरी हातातली खाऊची पिशवी एकदा कुरकुरली आणि तीही शरमून थांबली. वारा वर येत होता. खूप खाली कुठेतरी एक पक्षी एकाच सुरात पुन्हा पुन्हा काही विचारत होता. बाई फळीसमोर बसल्या होत्या. फळीत एक गाठ होती. गाठीच्या कडेने मुंगी चालली होती. मुंगी वर चढली, कडेला पोचली, आणि पलीकडे उतरून गेली.

शांतता संपली. आत्याबाईंनी डोळे पुसले आणि खाली पाहिले. “अगंबाई, तुम्हाला दिसतंय का हो?”

“आकाश दिसतंय.”

“छान आहे ना?”

“हो. घरी असतं तसंच आहे.”

आत्याबाईंनी मान तिरकी केली. “तुमचा आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतोय.”

“लिफ्टमध्ये ऐकला असेल.”

“छे! आमच्याकडे कुठली लिफ्ट,” असे म्हणून त्यांनी यंत्र कानाला लावले. बाईंना सुळक्यांची माहिती सांगायची राहिली होती. ती त्यांनी आत्याबाईंना यंत्रातून सांगितली.

भाऊ आला तो थेट कठड्याशी. “वा! ताई, खड्डा म्हणालो होतो, शब्द मागे घेतो.” मग त्याने बहिणीकडे पाहिले, फळीकडे पाहिले, आणि त्याच्या हळूहळू लक्षात आले. तो मनाने वाईट नव्हता. त्याने बाह्या वर सारल्या. “थांब. हे काका आहेत, मी आहे. उचलतो. दोन मिनिटांचं काम.”

कुटुंबातले काका लगेच पुढे आले. बाकीच्यांनी दरीकडे पाठ केली आणि जागा करून दिली. कुणीतरी फोन वर धरला.

बाईंनी त्या सगळ्यांकडे एकदा पाहिले. हो म्हटले असते तर दरी दिसली असती. हाताच्या अंतरावर होती. आयुष्यभर जी पाहायची होती ती दोन माणसांच्या काखेतून, पाय लोंबत, दोन मिनिटे.

“नको,” त्या म्हणाल्या.

“अगं, एवढ्या लांब आलीस!”

“मी आले ना. तू चहा आण.”

भाऊ गेला. कुटुंबही गेले, जरा हिरमुसून. बघण्यासारखे काहीतरी हुकले असे त्यांना वाटत असावे. सज्ज्यावर कोणी उरले नाही. बाईंनी खुर्ची कठड्याला समांतर आडवी केली, गाल फटीजवळ नेला, आणि एका हाताने चाक ढकलत कठड्याच्या कडेकडेने जाऊ लागल्या. फटीतून दरी रेघेरेघेने सरकू लागली. थोडा खडक. थोडे झाड. अर्धा सुळका. मग पुन्हा खडक. असे करत त्या कठड्याच्या टोकाला पोचल्या आणि फटीत पाणी आले. निळे, सपाट, भरपूर पाणी, त्यावर ढगाचा एक तुकडा.

ते कठड्याचे उजवे टोक होते.

खुर्ची आडवी असल्यामुळे आपलेच डावे-उजवे चुकले असेल म्हणून त्यांनी खुर्ची सरळ केली. नाक दरीकडे. जेवायचा हात वर केला. हात पाण्याच्या बाजूला होता. मग त्या सगळा सज्जा ओलांडून डाव्या टोकाला गेल्या. तिथे फटीतून पंपघराचे पत्र्याचे छप्पर दिसत होते. ऊन पडून ते झकास चकाकत होते.

खिसा उजवीकडे असलेला वनरक्षक त्यांना आठवला. बिचाऱ्या शिंप्याची काही चूक नव्हती. फोटो उलटा छापला होता.

इतकी वर्षे. इतकी माणसे इथे उभी राहिली, त्यांनी डावीकडे मान वळवली, पत्र्याचा फोटो काढला आणि डोळे पुसून घरी गेली. उजवीकडे एवढे मोठे तळे पसरलेले, आणि एकानेही म्हटले नाही की बाई, चुकताय. बाईंना वाटायचे आपले ऐकतात. ऐकतच होते. पण चुकलात म्हणायला समोर माणूस लागतो, आणि समोर कधी कोणी नव्हतेच. नुसता आवाज होता. त्याच्याशी कोण बोलणार?

बाई उजव्या टोकाला परत आल्या. फटीशी गाल लावला. मग हळूच, यंत्रात म्हणत तशाच पट्टीत म्हणाल्या, “आता क्षणभर कुणी काही बोलू नका.”

तिथे कोणीच नव्हते. सूचना तंतोतंत पाळली गेली.

थोड्या वेळाने प्रसिद्धीसाहेब फुलांचा गुच्छ आणि छायाचित्रकार घेऊन आले. “बाई! कशी वाटली दरी?”

“साहेब, जरा इथे खाली बसता का? माझ्या बरोबरीने.”

साहेब मनमोकळे होते. लगेच उकिडवे बसले. समोर पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, “लाकूड चांगलं आहे नाही? अस्सल सागवान.”

“दरी दिसत नाही, साहेब.”

“अं... हो. ते आलं लक्षात.” ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. उभे राहिल्यावर त्यांना पुन्हा धीर आला. “पण कठड्याची उंची आपल्या हातात नसते बाई. सुरक्षेचा नियम आहे. माणूस पडू नये म्हणून.”

“उभा माणूस.”

“हो.”

“आणि बसलेला?”

“तो कसा पडेल? मध्ये फळी आहे ना.”

“मग सज्जाच वर उचला.”

“सज्जा वर घेतला की कठडा खाली जाणार. मग नियमाप्रमाणे कठडा वाढवावा लागणार.” साहेबांनी हे इतक्या प्रामाणिकपणे सांगितले की बाईंना त्यांचीच दया आली.

“बरं, दुसरं एक. तळं उजवीकडे आहे.”

साहेब हसले. मग त्यांनी दरीकडे पाहिले. डावा हात वर केला, उजवा हात वर केला, स्वतःभोवती एकदा फिरले आणि पुन्हा पाहिले. हसू गेले.

“तुम्ही रोज येता ना इथे?” बाईंनी विचारले.

“येतो की. पण येताना यंत्र लावूनच येतो. पाहुण्यांबरोबर असतो ना.” त्यांनी छायाचित्रकाराला लांब जाऊन थांबायची खूण केली आणि वाकून हळू आवाजात म्हणाले, “बाई, आज वरिष्ठ आलेत. हे बाहेर नको. तुम्ही एकच शब्द नव्याने बोलून पाठवा. बाकी सगळं तसंच. बसवून घेतो मी.”

“आणि कठडा?”

“कठड्याचं वर कळवतो.”

मग बाईंचा फोटो काढला. मांडीवर गुच्छ, मागे सज्जा. फोटोत दरी सुरेख आली, कारण काढणारा उभा होता. भाऊ आला तेव्हा त्याच्या हातातला चहा निवला होता. तो म्हणाला, “बघितलीस ना शेवटी?” बाई म्हणाल्या, “तळं बघितलं.” परतताना उताराच्या तोंडाशी पहारेकऱ्याने त्यांच्यामागे साखळी लावली आणि कुलूप ओढून पाहिले.

घरी आल्यावर बाई कपाटाशी बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, ‘उजवीकडे.’ पहिल्याच झटक्यात नीट आले.

तळे आता उजवीकडे आहे. कठडा आहे तिथेच आहे.